वाळवलेलं खमीर

३ फेब्रुवारी

वन्संना नमस्कार.

माझं अक्षर बघून पाकीट न उघडताच फाडाल असं वाटलं, म्हणून वरचा पत्ता नर्सबाईंकडून लिहून घेतला. आता उघडलंच आहे तर शेवटपर्यंत वाचा. ख्यालीखुशालीचं काही लिहीत नाही. तुम्हाला तिचं काही पडलेलं नाही, हे मला ठाऊक आहे.

काम एवढंच आहे. भट्टीचा आतला घुमट खचला होता. एक वीट तर भाजत्या पावांवरच पडली. गवंडी बोलावून आतलं सगळं नवीन करून घेतलं. ओली माती सुकवायला त्याने आत जाळ केला. खमिराची बरणी भट्टीवरच्या कट्ट्यावर होती, जिथे ती सासूबाईंच्या काळापासून असते. तिथे ऊब असते म्हणूनच ती तिथे असते. ती हलवावी असं मला सुचलं नाही, ह्यांनाही सुचलं नाही. जुनी भिंत हातभर जाड होती, नवी पातळ आहे. संध्याकाळी झाकण काढलं तर आतलं खमीर शिजलेलं. सुरीने वडी पाडता आली असती. तरी मैदा-पाणी घालून वाट बघितली. बुडबुडा म्हणून आला नाही.

बाजारातलं दाणेदार यीस्ट वापरायला हे तयार नाहीत. "तो पाव मी विकणार नाही," म्हणाले आणि विषय संपला. भट्टी नवी कोरी उभी आहे आणि दुकान बंद आहे.

सासूबाई गेल्या त्या आठवड्यात तुम्ही आमच्या बरणीतून जे घेऊन गेलात, ते वाळवून जपून ठेवलं आहे असं कानावर आलं होतं. त्यातलं थोडं पाठवा. ह्यांना यातलं काही माहीत नाही. "मुंगीकडे मागायचं नाही," असं तुमचं नाव घेऊन त्यांनी आधीच बजावलं आहे. म्हणून नर्सबाईंच्या नावाने पाठवा. त्या समोरच राहतात.

वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनी,

"घेऊन गेलात" असं लिहिलंत. त्या दिवशी शब्द वेगळा होता. घर माणसांनी भरलं होतं, मी खिडकीपाशी कागदावर खमीर पसरत होते, आणि तुम्ही दारात उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "आई जाऊन आठवडा झाला नाही आणि वन्संनी चोरी सुरू केली." चोरी! माझ्या आईच्या बरणीतलं डावभर पीठ! दादा तिथेच बसला होता. तो छताकडे बघत राहिला. पंख्यावर धूळ साचली आहे, एवढंच त्याला त्या दिवशी दिसलं असावं.

मग आता चोरीचा माल कशाला हवा?

आणि बरणी हलवायचं सुचलं नाही म्हणता. थोडं वाळवून ठेवत जा, कधी काय होईल सांगता येत नाही, असं मी आई असतानाच म्हटलं होतं. त्यावर तुमचं उत्तर माझ्या अजून कानात आहे. "का हो वन्सं, आमची बरणी मरायची वाट बघताय?" आता कोण वाट बघतंय ते बघा.

दादाला हवं असेल तर दादाने लिहावं. त्याच्याकडे हात आहे, पेन आहे आणि माझा पत्ताही आहे. त्याची एक ओळ येऊ दे, मी त्याच दिवशी पाकीट टाकीन. नर्सबाईंच्या आड लपून मागितलेलं मी देत नसते.

तुमच्या नवऱ्याची बहीण


१७ फेब्रुवारी

वन्सं,

ते लिहिणार नाहीत. तुम्ही बहीणभाऊ एकाच पिठाचे गोळे आहात, वेगळं काय होणार?

ते काय करतात ते सांगते, म्हणजे तुम्हाला समाधान वाटेल. पहाटे नेहमीसारखे उठतात, एप्रन बांधतात आणि थंड भट्टीच्या तोंडासमोर मैद्याच्या पोत्यावर बसतात. काल मी विचारलं, "एप्रन कशाला बांधलाय?" म्हणाले, "कपडे खराब होऊ नयेत म्हणून." म्हटलं, "काय करून?" तर एप्रनची गाठ घट्ट केली.

परवा नर्सबाईंनी कोपऱ्यावरच्या नव्या दुकानातला पाव आणून दिला, पातळ कापलेला, चकचकीत पिशवीतला. ह्यांनी एक घास घेतला, बराच वेळ चावला आणि म्हणाले, "कापूस." मग जेवले नाहीत. आपली नेहमीची माणसं आता त्याच दुकानात जातात. दारासमोरून जाताना मान खाली घालतात, जसं काही आम्ही कुणाचा खून केलाय.

माझ्यावरचा राग माझ्यावर काढा, सावकाश काढा, मी कुठे पळून जात नाही. त्यांच्यावर काढू नका.

आणि तो शब्द मी परत घेत नाही. न विचारता घेतलं त्याला दुसरं काय म्हणतात ते मला माहीत नाही. विचारलं असतंत तर अख्खी बरणी पुढ्यात ठेवली असती. तुम्ही विचारलं नाहीत, कारण ती बरणी माझीही आहे असं तुमच्या कधी मनातच आलं नाही. लग्न होऊन आले त्या दिवसापासून तिला मैदा घालत आले ती मी. तापात घातला, दिवस गेले होते तेव्हा त्या वासाने उलट्या काढत घातला. सासूबाई नुसत्या वाकून वास घ्यायच्या आणि "हं" म्हणायच्या.

वहिनी


२ मार्च

वहिनी,

सोबत पाकीट आहे. ते दादासाठी आहे, तुमच्यासाठी नाही. उशीर का केलात असं विचारू नका, केला.

कसं वाळवतात तेही लिहिते, म्हणजे पुढच्या वेळी कुणापुढे हात पसरावा लागणार नाही. खमीर चांगलं फुगून वर आलं की बटरपेपरवर सुरीच्या पाठीने पसरायचं, इतकं पातळ की खालचा कागद दिसला पाहिजे. उन्हात ठेवायचं नाही, भट्टीजवळ तर मुळीच नाही. सावलीत, वाऱ्यावर, वर जाळी झाकून. पापुद्रा मोडला तर कट् असा आवाज यायला हवा. वाकला तर ओल आहे, आणि ओल राहिली की बाटलीत बुरशी धरते. नीट वाळलं की हाताने चुरायचं, कोरड्या काचेच्या बाटलीत भरायचं आणि अंधाऱ्या फडताळात ठेवून द्यायचं. तिथे ते झोपून राहतं.

उठवताना घाई करू नका. कोमट पाण्यात भिजवा. कोमट म्हणजे बोट घातल्यावर गरमही लागता कामा नये आणि गारही. तुमची बोटं भट्टीवर भाजून निघालेली, तुम्हाला उकळतं पाणीही कोमट वाटेल. तेव्हा नर्सबाईंचं बोट घाला. विरघळलं की तेवढाच मैदा घालून झाकून ठेवा. सुरुवातीला ते रुसून बसेल. बसू दे. रोज जुनं थोडं काढायचं, नवा मैदा-पाणी घालायचं.

पाकीट हातात घेऊन "एवढंच?" म्हणू नका. एवढं पुरतं.

दादाची बहीण


१४ मार्च

वन्सं,

हे पत्र लिहायला बसून दोनदा उठले. तिसऱ्यांदा बसले आहे.

पाकीट मिळालं. घरात आणि दुकानात सगळीकडे विटांची धूळ होती, भांडी गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकलेली. झाकणाचा एकच वाडगा हाताशी होता. पिशव्यांवर लेबलं चिकटवायला आपण मैद्याची खळ करतो ना, तो. घासून, पुसून घेतला. तुम्ही लिहिलंत तसं पाणी केलं, नर्सबाईंचं बोटसुद्धा घातलं. पापुद्रे भिजवले, मैदा घातला, झाकण लावलं. ह्यांना दिसू नये म्हणून वाडगा गल्ल्याखाली ठेवला, जिथे तो एरवीही असतो.

दुसऱ्या दिवशी बाजारातून आले तर दुकानाच्या दाराच्या काचेवर आतून पाटी. खोक्याचा पुठ्ठा फाडून, निळ्या शाईत, ह्यांच्या अक्षरात. "भट्टी बंद आहे. कधी सुरू होणार ते विचारू नये."

मला बघून म्हणाले, "खळ कच्चीच ठेवलीस? शिजवायचाही कंटाळा आला का आता? पण चिकटली मात्र छान."

मी गल्ल्याकडे धावले. वाडगा घासून पालथा घातला होता. उभ्या जन्मात ह्यांनी एक भांडं घासलं, ते हे.

काय बोलणार होते? तुमच्याकडून आणलं हे सांगायची सोय नाही. आता तुमच्या बाटलीतलं अजून थोडं पाठवा. या वेळी नर्सबाईंच्याच घरी भिजवीन. हसायचं असेल तर पोटभर हसून घ्या, पण पाठवा.

वहिनी


१९ मार्च

वहिनी,

हसू आलं नाही.

बाटलीत काही नाही. होतं ते सगळं पाठवलं होतं. तळाचा चुरासुद्धा बाटली उलटी करून, थोपटून काढला होता. आमचे हे होते तोवर मी आठवड्याला पाव भाजत असे, ताजं खमीर असायचं. हे गेल्यावर एकटीसाठी रोज मैदा फेकायला हात होईना, म्हणून सगळं वाळवून ठेवलं. तेवढंच होतं. तुम्ही त्याची पाटी चिकटवलीत.

चोर म्हणालात ना मला? मग ऐका. मी लग्न होऊन निघाले तेव्हा आईकडे खमीर मागितलं होतं. तिने दिलं नाही. म्हणाली, "इथलं तिथे मिळायला लागलं तर तू इकडे कशाला येशील? पाव खायला येत जा." मी यायचे. ती गेली आणि मला कळलं की आता पाव खायला ये म्हणणारं त्या घरात कुणी नाही. तुम्ही म्हणणार नव्हता. दादाला म्हणायचं सुचणार नव्हतं. म्हणून घेतलं. विचारायला हवं होतं, हे तुमचं खरं. पण विचारलं असतं आणि तुम्ही नाही म्हणाला असता, तर तेवढंही राहिलं नसतं.

आता सगळं संपलं. यापुढे मला पत्र लिहू नका.

पाकीट बंद केलं होतं. परत उघडलं आहे. दारावरच्या त्या पाटीला हात लावू नका, आधी हे वाचा.

दादाने खळीत मोरचूद घातला होता का? झुरळं लागू नयेत म्हणून आपल्याकडे चिमूटभर घालतात. घातला असेल तर ते विष झालं, पाटी तशीच राहू दे. त्या काचेवर ऊन येतं का? त्याने खळ पातळ फिरवली होती की थापली होती? शिजवली नव्हती हे तुम्हीच लिहिलं आहे, तुमच्या आळशीपणाचं नाव झालं ते बरंच झालं.

कारण मी बटरपेपरवर पसरते आणि त्याने काचेवर पसरलं. सावलीत, पातळ, न शिजवता. वेगळं काही केलेलं नाही त्याने, फक्त अक्कल न वापरता केलं. त्याला विचारा आणि काच खरवडा.

मुंगी


२६ मार्च

वन्सं,

विचारलं. विचारण्यासाठी सगळं सांगावं लागलं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

ते पोत्यावर बसले होते. मी म्हटलं, "तुम्ही खळीत मोरचूद घातला होता का?"

"कुठल्या खळीत?"

"पाटीच्या."

"मोरचुदाचा डबा तुझ्या गवंड्याने कुठे गाडलाय कुणास ठाऊक. का? पाटी पडली का?"

"पडली नाही. ती खळ नव्हती."

"मग काय होतं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमची आई होती."

मग नीट सांगितलं. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मी नको म्हटलं होतं."

"म्हणून तर खळीच्या वाडग्यात लपवलं!" मी ओरडले. "तुम्ही दोघं तोंडं फिरवून बसा आणि मधल्या मधे मी वाडगे लपवत फिरते!"

उठले, दाराबाहेर गेले आणि स्वतःचीच पाटी दुसऱ्या कुणीतरी लावल्यासारखी वाचत उभे राहिले. वर छज्जा आहे, त्या काचेवर ऊन येत नाही. मग आत येऊन दाढीचं पातं आणलं. मी खाली स्वच्छ फडकं धरलं. पुठ्ठ्यावरून आणि काचेवरून त्यांनी सगळं इतक्या हळू खरवडलं की तान्ह्या मुलाची नखं कापतायत असं वाटावं. बाहेरून कुणीतरी काच वाजवली, "काय, उघडलं का?" हे आतून ओरडले, "विचारू नये, वाचता येत नाही का?" पाटी तोवर माझ्या हातात होती.

ओंजळभर निघालं. त्यात पुठ्ठ्याचे तुकडे आहेत, थोडी निळी शाई आहे. कोमट पाण्यात भिजवून गाळून घेतलं. पाणी वर, गाळ खाली, बाकी काही नाही. बरणी कट्ट्यावर ठेवलेली नाही, माझ्या कपड्यांच्या कपाटात आहे.

एक मात्र सांगते. सगळं पाठवलं हे तेव्हाच लिहायला हवं होतंत. शेवटचं आहे हे माहीत असतं तर मी ते खळीच्या वाडग्यात ठेवलं असतं का? तुम्ही मोठेपणा लपवून ठेवलात आणि अपराधी मला केलंत. हे तुमच्या आईसारखंच झालं.

पाव खायला येऊ नका असं मी कधी म्हटलं होतं?

वहिनी


१ एप्रिल

वहिनी,

पाणी वर, गाळ खाली आणि पत्र संपलं? असं कुणी पत्र संपवतं? वरचं पाणी ओतून द्या. गाळात चमचाभर मैदा आणि चिमूटभर कणीक घाला. नुसता मैदा त्याला अशा वेळी पुरत नाही. आणि कपाट उघडून सारखं बघू नका.

"येऊ नका" म्हटलं नाहीत. "या" तरी कधी म्हटलंत?

काय झालं ते लगेच कळवा. भांडण नंतर करू.

मुंगी


१२ एप्रिल

वन्सं,

कणीक घातली. दोन दिवस काही नाही. ह्यांनी कपाटासमोर खुर्ची आणून ठेवली होती, मला कपडे काढायचे तर आधी त्यांना उठवावं लागे. तिसऱ्या दिवशी झाकण काढलं तर कडेला एक बुडबुडा, मोहरीएवढा. ह्यांना दाखवला. म्हणाले, "हवा अडकली असेल." पण खुर्चीवरून उठले आणि त्यांनी भट्टीत लाकडं रचली. त्या दिवशी पेटवायची नव्हती, नुसती रचून ठेवली.

आता ते बरणीतून उतू जातं. आंबट वास सगळ्या दुकानात भरला आहे. काल पहिला पाव काढला. नव्या भट्टीचा अंदाज नाही, एका बाजूने करपला. ह्यांनी मोडला, वाकून वास घेतला, खाल्ला आणि म्हणाले, "मीठ कमी आहे." मग तो अख्खा संपवला. नर्सबाईंना आणि मला दुसऱ्या पावाची वाट बघावी लागली.

आता त्यात तुमच्या पापुद्र्यांपेक्षा माझाच मैदा जास्त आहे. तरी सासूबाईंचंच म्हणा, मी भांडणार नाही. म्हणजे यावर भांडणार नाही.

सोबत तुमच्यासाठी वाळवून पाठवलं आहे. तुम्ही लिहिलंत तसंच केलं आहे. ह्यांना म्हटलं, बहिणीला दोन ओळी लिहा. "तूच लिही," म्हणाले. काय लिहू विचारलं तर म्हणाले, "तिला कळेल." आता तुमचं तुम्हाला काय कळतं ते बघा.

वहिनी


२७ एप्रिल

वहिनी,

मी लिहिलं होतं तसंच केलंत म्हणता! खालचा कागद दिसला पाहिजे असं लिहिलं होतं, तुम्ही धिरड्यासारखं घातलंत. मधले पापुद्रे वाकत होते. अर्ध्याला बुरशी धरली, ते फेकलं. उरलेल्या अर्ध्यातून उठलं. चांगलं जोरात उठलं, हे खोटं कशाला सांगू? पण त्यात तुमच्या वाळवण्याचं श्रेय नाही.

पाव भाजला. आईच्या पावासारखा झाला का, हे मला सांगता येईना. तिच्या पावाची चव आठवायला बसले आणि आठवला तो तिचा पाठीवरचा हात, पिठाने खरखरीत. मग तसाच खाल्ला. अख्खा पाव एकटीला संपत नाही, अर्धा शेजारी दिला. त्यांनी विचारलं, कुठल्या दुकानातला? मी म्हटलं, आमच्या.

दादाला सांगा, मला काही कळलं नाही. त्याला बोलता येत असेल तर त्याने बोलावं. आणि मीठ कमी आहे असं तो म्हणत असेल तर मीठ वाढवू नका. तो आईलाही तेच म्हणायचा.

तुम्ही अजून माझी माफी मागितलेली नाही. मीही मागितलेली नाही, हे मला माहीत आहे. पण पत्रातून भांडण्यात काही अर्थ नाही, तुम्हाला उत्तर सुचायला आठ आठ दिवस मिळतात. तब्येतीचं लिहिलं नाहीत तरी चालेल, खमिराचं लिहीत जा. या पत्राला उत्तर आलं नाही तर ते पुन्हा मेलं असं समजेन, आणि तिथे येऊन समोरासमोर भांडेन. आले तर चार दिवस तरी राहीन, एका दिवसात आटपायचं भांडण नाही हे.

मुंगी


४ मे

वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. हे त्याचं उत्तर नाही. उत्तर मी पाठवणार नाही.

मागची खोली झाडून ठेवली आहे.

वहिनी